झोंबी, डोंबिवली आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात होसकोटे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्यासपीठावरून प्रेतांविषयी बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे, आणि तोही कार्यकारिणीच्या रीतसर परवानगीने. माझे उभे आयुष्य केंद्र सरकारच्या कार्यालयात नस्तींवर शेरे मारण्यात गेले. कलेच्या प्रांतातला माझा अधिकार मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. पदवीपलीकडे जात नाही. तेव्हा आजचे हे बोलणे रसग्रहण म्हणून न ऐकता एका कारकुनाचा कबुलीजबाब म्हणून ऐकावे, अशी विनंती आहे.

प्रकरण असे घडले. तीन महिन्यांपूर्वी मंडळातील महाविद्यालयीन मुलामुलींनी कार्यकारिणीकडे एक अर्ज दिला. सुवर्णमहोत्सवात त्यांना स्वतः तयार केलेला बावीस मिनिटांचा मराठी चित्रपट दाखवायचा होता. अर्जात विषयाच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘झोंबी’. मला मनापासून आनंद झाला. मला वाटले, मुलांनी आनंद यादवांचे पुस्तक वाचले! १९८७ साली प्रसिद्ध झालेली आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारी ती आत्मचरित्रात्मक कादंबरी. शिकण्यासाठी दारिद्र्याशी झोंबी घेणाऱ्या एका खेड्यातल्या मुलाची कहाणी. परदेशात नव्हे, पण परमुलखात वाढलेल्या आपल्या मुलांना तिचे आकर्षण वाटावे, याहून मंडळाच्या पन्नास वर्षांचे सार्थक ते कोणते?

मग खुलासा झाला. झोंबी म्हणजे झुंज नव्हे. मेल्यावर उठून चालू लागलेले आणि जिवंत माणसांना चावे घेत सुटलेले प्रेत. एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात हा रोग पसरतो, आणि उरलेली चार मुले एका सभागृहात स्वतःला कोंडून घेतात, अशी कथा. माझा आनंद जागच्या जागी मावळला आणि त्या अर्जावर मी माझ्या हाताने ‘प्रसंगास अनुचित’ असा शेरा लिहिला. माझ्या शेऱ्याखाली आणखी दोघांनी सह्या केल्या. नावे सांगत नाही. ते दोघेही आज पहिल्या रांगेत बसले आहेत.

शेरा मारल्यावर मात्र कार्यालयातील जुनी सवय स्वस्थ बसू देईना. कागदपत्र न पाहता नकार दिला तर तो टिकत नाही. म्हणून मी या विषयाची माहिती जमवू लागलो, आणि जे हाती आले त्याने माझे बरेच गैरसमज दूर केले.

मी समजत होतो की झोंबी हा अमेरिकेतील धनिकांचा पोरखेळ. वस्तुतः त्याचा जन्म हैतीतला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना तेथील उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबावे लागे. मरण म्हणजे सुटका, एवढाच त्यांचा विसावा. आणि कोणी मांत्रिकाने मेल्यावरही उठवून पुन्हा कामाला जुंपले तर? ही त्यांची भीती, आणि तिचे नाव झोंबी. १८०४ साली हैती स्वतंत्र झाले, पण ही समजूत लोकमानसात उरली. पुढे १९२९ साली विल्यम सीब्रुक या प्रवासी लेखकाने ती पुस्तकातून अमेरिकेत नेली आणि १९३२ साली ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटाने तिला पडद्यावर आणले. म्हणजे या प्राण्याच्या मुळाशी चावण्याची हौस नाही. न संपणाऱ्या वेठबिगारीचे दुःख आहे.

आज आपण ज्याला झोंबी म्हणतो, तो माणसे खाणारा आणि झुंडीने येणारा, त्याला १९६८ साली जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकाने घडवले. पिट्सबर्गच्या परिसरात मित्रमंडळींनी वर्गणी काढून केलेला कृष्णधवल चित्रपट; खर्च सव्वा लाख डॉलरच्या आत. रक्तासाठी चॉकलेटचे सरबत वापरले, कारण काळ्यापांढऱ्या चित्रात ते चांगले दिसते. गंमत अशी की संपूर्ण चित्रपटात झोंबी हा शब्द कोणी उच्चारीत नाही. ऐन वेळी चित्रपटाचे नाव बदलताना वितरकाकडून स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला. नस्तीतून एक ओळ गळाल्याने काय होते, हे माझ्या पेशातील मंडळींनी यावरून ध्यानी घ्यावे. पण त्याचा शेवट पाहून मी गंभीर झालो. रात्रभर धैर्याने झुंजलेला नायक, डुएन जोन्स नावाच्या कृष्णवर्णीय नटाने ही भूमिका केली, सकाळी सुटकेच्या क्षणी खिडकीशी येतो, आणि बाहेर बंदुका घेऊन आलेली माणसे त्याला प्रेत समजून गोळी घालतात. ज्याला प्रेतांना मारता आले नाही, त्याला माणसांनी मारले.

तेव्हापासून थोड्या पैशांत आणि भरपूर उत्साहात असे चित्रपट करण्याची परंपराच पडली. १९८१ साली आलेला सॅम रेमीचा ‘द ईव्हल डेड’ पाच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा. जंगलातील एका झोपडीवर सुटी घालवायला गेलेले मित्र एकेक करून झपाटले जातात. दिग्दर्शक स्वतःच तेव्हा विशीतला. जपानमध्ये २०१७ साली शिनिचिरो उएदा यांनी सुमारे तीस लाख येनमध्ये अनोळखी नट घेऊन झोंबीपटावरच एक चित्रपट केला. त्याची पहिली सदतीस मिनिटे एकाच सलग दृश्यात घेतलेली आहेत, आणि पुढे कळते की खरी कथा प्रेतांची नाहीच. हाती साधन नसताना काम तडीस नेणाऱ्या धडपड्या माणसांची आहे.

आपल्या देशात रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, तोही महाबळेश्वरी तळ ठोकून आणि काटकसरीत. थडग्यातून परतलेला नवरा ही त्याची कल्पना. पुढे २०१३ साली ‘गो गोवा गॉन’ने झोंबी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवले. आणि २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला आपला मराठी झोंबीपट: आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या त्यात प्रमुख भूमिका. याच दिग्दर्शकाचा ‘मुंज्या’ २०२४ साली आला आणि कोकणातील पिंपळावरचे आपले भूत देशभर पोहोचले.

भुतांचा विषय निघालाच आहे, तर एक भेद सांगतो. आपल्या मराठी भुताला नाव असते, गाव असते, जात असते आणि पत्ताही असतो. मुंज्या पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, वेताळ वेशीवर. त्याची काही वासना राहिलेली असते. नारळ द्या, उतारा ठेवा, गोडीगुलाबीने बोला. व्यवहार होऊ शकतो. नारायण धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या कथांवर पोसलेल्या माझ्या पिढीला हे भूत घरचे वाटते. झोंबीला मात्र नाव नाही, गाव नाही, इच्छा नाही. तो एकटा नसतो, गर्दी असते. त्याच्याशी बोलणे होत नाही. भूत ही गावाची भीती होती. ही शहराची आहे. आणि ज्याने कधी सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून लोकल गाठली आहे, त्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही.

मी ती गाठलेली आहे. माझे बालपण आणि शिक्षण डोंबिवली पूर्वेला झाले. म्हणून ‘झोंबिवली’ मी प्रथम केवळ गाव दिसेल या आशेने पाहिला. हसलो, दचकलो आणि मग अवघडलो. कारण त्या चित्रपटाच्या मुळाशी पाणी आहे. एका बाजूला उंच इमारत, दुसऱ्या बाजूला तहानलेली वस्ती आणि मध्ये बाटलीबंद पाण्याचा धंदा. आमच्या लहानपणी नळाला रात्री दोन वाजता पाणी येई. आई हंडे-कळशा घेऊन रांगेत उभी राही आणि आम्ही भावंडे अर्ध्या झोपेत पिंप भरत असू. त्या रांगेतील तारवटलेले डोळे आणि ओढत टाकलेली पावले आठवली, म्हणजे वाटते, आम्हांला कोणी चावले नव्हते एवढेच. डोंबिवलीकरांना तर रसायनांचेही अप्रूप नाही. २०१४ साली तेथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ते गुलाबी झाले, आणि २०१६ व २०२४ साली मे महिन्यात कारखान्यांतील स्फोटांनी माणसे मेली. अशा गावात रोग पाण्यातून पसरला, असे कोणी पडद्यावर सांगितले, तर ती नुसती कल्पनेची भरारी कशी म्हणावी? आणि आपण बंगळूरकरांनी तरी का हसावे? २०२४ सालच्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आपण सारे गच्चीत उभे होतोच की!

हे सारे वाचून झाल्यावर मी मुलांना घरी बोलावले आणि त्यांचा चित्रपट पाहायला मागितला. शेरा आधी आणि कागद नंतर, असा हा उलटा कारभार. पण झाला तो बरा झाला.

चित्रपट भ्रमणध्वनीवर घेतलेला आहे. खर्च अकरा हजार चारशे रुपये, त्यांतले चार हजार खाण्यावर. रक्त म्हणून काकवीत बीटाचा रस घातला आहे. रोमेरोच्या चॉकलेटला आमच्या मुलांनी कोल्हापुरी उत्तर दिले. प्रेतांच्या झुंडीसाठी माणसे मिळेनात, तेव्हा त्यांनी युक्ती केली. आपल्या होसकोट्यात पहाटे चारला बिर्याणीसाठी जी रांग लागते, ती दुरून टिपली. झोपेतून उठून आलेली, अंधारात डुलत उभी असलेली ती माणसे पाहून मी खरोखर घाबरलो. नंतर त्या रांगेत मला आपले एक माजी खजिनदार दिसले आणि भीती गेली.

मुलांचे मराठी कसे आहे, असे आपण विचाराल. प्रामाणिकपणे सांगतो, ‘ळ’ डळमळतो, ‘ण’ आणि ‘न’ हातात हात घालून चालतात. मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीला देवनागरी वाचता येत नाही. तिने आपले संवाद कन्नड लिपीत लिहून पाठ केले. ती वही मी पाहिली. कन्नड अक्षरांत लिहिलेले शुद्ध मराठी शब्द! पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव केले, नाट्यवाचने केली, दिवाळी अंक मागवले. पण आपल्या मुलांपैकी कोणी एवढे कष्ट घेऊन मराठीतील चाळीस वाक्ये स्वतःहून मुखोद्गत केली, असा प्रसंग माझ्या आठवणीत नाही. ती त्यांनी केली कारण गोष्ट त्यांची होती. आपण निवडून दिलेली नव्हती.

आता कबुलीजबाबाकडे येतो.

चित्रपटात ती चार मुले सभागृहाचे दार लावून आत बसली आहेत. दारावर थाप पडते. बाहेर वसतिगृहात स्वयंपाक करणारी बाई आहे. ती म्हणते, मी आहे, दार उघडा. आत वाद होतो. तिला रोग झाला असेल काय? तिच्या हातावर डाग आहे तो रक्ताचा की मसाल्याचा? मते घेतली जातात. तिघे विरुद्ध एक. दार उघडले जात नाही. सकाळी बाहेर फक्त डबा सापडतो. ती त्यांच्यासाठी जेवण घेऊन आली होती.

एवढे पाहून मी मुलांना म्हटले, जरा थांबवा. पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिलो.

२०२० साली मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली तेव्हा मी आमच्या गृहसंकुलाचा सचिव होतो. बाहेरच्या कोणाही व्यक्तीस प्रवेश नाही, अशी सूचना माझ्या सहीने फाटकावर लागली. आरंभी ते योग्यही होते. आमच्याकडे नऊ वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाई जवळच्याच खेड्यातून येत. माझी मुलगी कन्नड शिकली ती त्यांच्या मांडीवर बसून. दोन महिने आम्ही त्यांचा पगार दिला. पुढे निर्बंध सैल झाले, पण आमची सूचना तशीच राहिली, आणि पगारही थांबला. जूनमध्ये एका सकाळी त्या फाटकाशी आल्या. मी गॅलरीतून पाहिले. खाली गेलो नाही. रखवालदाराबरोबर काही पैसे पाठवले. त्यांनी आमच्या घराची किल्ली त्याच्याच हाती परत दिली. ती मी चिमट्याने धरून साबणाच्या पाण्यात टाकली.

त्या वेळी मला यात काही वावगे वाटले नाही. किल्ली धुण्याचा सल्ला सारेच देत होते. परंतु त्या किल्लीवर नऊ वर्षांचा विश्वास होता, आणि तो परत करायला आलेल्या बाईंशी मी दहा पावलांवरून दोन शब्द बोलू शकलो असतो. तोंडाला फडके बांधून का होईना, बोलू शकलो असतो. रोगाची भीती खरी होती. पण दार लावताना मी रोगाकडे पाहिले, माणसाकडे पाहिले नाही. पुढे त्यांचा शोध घेतला तेव्हा कळले की ते कुटुंब गाव सोडून गेले. कोठे, ते कोणी सांगू शकले नाही.

साथीच्या काळात भीती वाटते यात नवल नाही. १८९६-९७ सालच्या प्लेगात पुणेकर आणि मुंबईकर घरेदारे सोडून पळाले. १८९८ साली तोच प्लेग बंगळुरात आला आणि दाट वस्ती विरळ करण्यासाठी मल्लेश्वरम् व बसवनगुडी हे भाग वसवले गेले. ज्या मल्लेश्वरमात आपल्यापैकी अनेकांचे नातलग राहतात, तो मुळी एका साथीतून जन्मलेला आहे. आणि त्याच प्लेगात, १८९७ सालच्या मार्चमध्ये, एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुण्याजवळच्या दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. त्यांनाही भीती वाटली नसेल असे मी म्हणणार नाही. आपण सारे सावित्रीबाई होऊ शकत नाही. पण दार लावण्याआधी बाहेर कोण आहे, एवढे विचारणे तर आपल्या आवाक्यातले आहे.

मंडळींनो, हा प्रश्न आपल्या मंडळालाही लागू आहे. ज्या गावात आपण हा महोत्सव साजरा करीत आहोत, ते होसकोटे म्हणजे कन्नडमधील ‘नवा कोट’. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. २२ ऑगस्ट १७६८ च्या रात्री गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या येथील छावणीवर हैदरअलीने छापा घातला आणि तो परतवला गेला. कोट बांधायचे, तो राखायचा, रात्री जागायचे, ही आपली जुनी विद्या. परमुलखात भाषा टिकवायची तर थोडा कोट लागतोच, हे मलाही मान्य आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांच्या यादीत तिशीच्या आतले किती उरले, ते आपण मोजावे. आपली मुले बाहेर उभी राहून अडखळत्या मराठीत ‘मी आहे’ म्हणत होती, आणि आत आपण त्यांच्या ‘ळ’काराची तपासणी करीत बसलो होतो. मी तर त्यावर शेराही मारला होता.

तो शेरा मी लेखी मागे घेतला आहे. ज्या दोघांनी सह्या केल्या होत्या, त्यांनीही घेतला, हे कृतज्ञतेने नमूद करतो. कार्यकारिणीने माझी आणखी एक सूचना मान्य केली आहे: येत्या वर्षापासून दोन जागा पंचविशीच्या आतील सभासदांसाठी राखून ठेवल्या जातील आणि त्यांच्या मताला आमच्या मताइतकेच वजन असेल. ते आमच्या सूचना फेटाळतील, अशी मला दाट शंका आहे. तेवढी तयारी आपण ठेवावी.

आता थोड्याच वेळात दिवे मालवले जातील आणि मुलांचा चित्रपट सुरू होईल. माझी एकच विनंती आहे. ही बावीस मिनिटे कृपया कोणी उठून जाऊ नये, आणि कोणी मोठ्याने उच्चार दुरुस्त करू नयेत. ज्यांना रक्त सोसत नाही, त्यांनी ती काकवी आहे हे मनाशी घोळवावे. त्या स्वयंपाकीण बाईंची भूमिका कोणी केली आहे, ते नावे येतील तेव्हा दिसेलच. त्या आज सभागृहात उपस्थित आहेत आणि चहाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच आहे. चित्रपट संपल्यावर चहाच्या आधी त्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती आपण करू. त्या कन्नडमध्ये बोलतील, आणि ते आपल्या मुलांकडून समजून घेण्याची पाळी या वेळी आपली असेल.